पाण्यातला भुंगेरा आणि त्याचा मुलूख

मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेला असतो. जेवणे आटोपून तुम्ही पडवीत टेकलेले असता. दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची गर्दी उसळलेली असते, आणि एवढ्यात वरच्या पत्र्यावर 'टप्' असा आवाज होतो. पाठोपाठ चपट्या जांभळाएवढा एक काळपट किडा जमिनीवर येऊन उताणा पडतो. त्याला धड चालता येत नाही. मागचे पाय झाडत तो जागच्या जागी गरगर फिरतो, मध्येच उसळी घेतो, पुन्हा उताणा होतो. घरातले कोणीतरी केरसुणीने त्याला अंगणात लोटून देते आणि तो विषय तेथेच संपतो.

एकदा हा विषय संपू देऊ नका. किडा अलगद उचला आणि पागोळीखाली पाण्याने भरलेले घमेले असेल त्यात सोडा. जमिनीवर तो अगदी पांगळा वाटत होता. पाण्यात पडताच मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारून तो तळाशी जातो. होडीतल्या नावाड्याने दोन्ही वल्ही एका वेळी ओढावीत, तशी ती लय असते. आपल्याला पांगळा वाटला तो प्राणी खरे म्हणजे चुकीच्या जागी उतरलेला होता, एवढेच.

हा पाण्यातला, बुड्या मारणारा, शिकारी भुंगेरा. सोयीसाठी आपण त्याला पाणभुंगेरा म्हणू. शास्त्रज्ञांनी अशा भुंगेऱ्यांचे एक मोठे कुल केले आहे. त्याचे नाव डायटिसिडी, आणि जगभरात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती तांदळाच्या, नाहीतर तुरीच्या दाण्याएवढ्या. आपल्या पडवीत आलेला पाहुणा मात्र त्या कुलातल्या थोरांपैकी आहे. त्याची प्रजाती 'सिबिस्टर'. हे नाव जॉन कर्टिस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८२७ साली दिले. मूळ शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ डोके खाली घालून सूर मारणारा, कोलांटी घेणारा. घमेल्यातला पोहणारा एकदा पाहिला की नाव किती चपखल आहे ते पटते.

आता, पाण्यात दिसला तो प्रत्येक काळा किडा सिबिस्टर नव्हे. विहिरीच्या पाण्यावर थव्याने गरगरणारे चकचकीत किडे निराळे. त्याच्याएवढाच, काळाभोर आणि पाठीला जास्त फुगीर असा आणखी एक भुंगेरा डबक्यांत असतो, आणि त्याच्याशी हमखास घोटाळा होतो. शिक्षकांनी मुलांना दोन खुणा दाखवाव्यात. पहिली पोहण्याची. तो दुसरा भुंगेरा मागचे पाय आळीपाळीने, चालल्यासारखे मारतो; सिबिस्टर दोन्ही पाय एकदम मारतो. दुसरी खूण श्वासाची. तो दुसरा हवा घ्यायला डोक्याच्या बाजूने वर येतो; सिबिस्टर शेपटीचे टोक पाण्याबाहेर काढतो आणि क्षणभर उलटा लोंबकळतो. शिवाय सिबिस्टरच्या हिरवट काळ्या अंगाला बहुधा दोन्ही कडांनी पिवळी किनार असते. नराच्या पुढच्या पायांवर वाटोळी गादी असते, तिच्या खालच्या अंगाला चिकटून धरणाऱ्या बारीक वाट्या. मादीच्या गुळगुळीत पाठीवर पकड राहावी, यासाठी ती सोय.

शेपटीने श्वास घेणे ही काय भानगड आहे? किड्यांना नाकपुड्या नसतात. अंगाच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. पाणभुंगेऱ्याच्या पाठीवर दोन टणक पंखांचे झाकण असते आणि त्या झाकणाखाली पोकळी. शेपटीचे टोक वर काढून तो त्या पोकळीत हवा भरून घेतो, आणि ती शिदोरी घेऊन बुडी मारतो. त्या हवेतला प्राणवायू कमी होऊ लागला म्हणजे भोवतालच्या पाण्यातला थोडा प्राणवायू तिच्यात शिरतो, त्यामुळे शिदोरी जरा जास्त पुरते. तरीही अखेर त्याला वर यावेच लागते. मत्स्यबीज वाढवणारे लोक ही गोष्ट ओळखून आहेत. माशांची पिल्ले सोडण्यापूर्वी तळ्यावर तेल आणि साबण यांचे मिश्रण पसरतात ते याचसाठी. पाण्यावर तवंग धरला की वर येऊन श्वास घेणारे किडे गुदमरतात. डबक्यात रॉकेल ओतल्याने डासांच्या अळ्या मरतात त्यालाही हेच कारण. मात्र त्याच तवंगाखाली डासांच्या अळ्या खाणारेही मरतात, हे ओतणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

खरा वाघ म्हणजे याची अळी. लांबोडकी, सहा पायांची, चपट्या डोक्याची. आणि त्या डोक्यावर कोयत्यासारखे वाकडे दोन जबडे. हे जबडे आतून पोकळ नळीसारखे असतात. भक्ष्याच्या अंगात ते रुतवून अळी पाचक रस सोडते, आतले मांस पातळ होते, आणि मग ते ती शोषून घेते. डासांच्या अळ्या, चतुरांची पिल्ले, बेडूकमासे, माशांची इवली पिल्ले, आणि अडचण पडली तर स्वतःची भावंडेसुद्धा. तेव्हा हा किडा आपला मित्र की शत्रू? असा प्रश्न व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतोच. मत्स्यबीजाच्या तळ्यात तो शत्रू, भाताच्या खाचरात डास खातो तेव्हा मित्र. मला स्वतःला ही वाटणी फारशी पटत नाही. तो आपला पोटाचा उद्योग करीत असतो. मित्र-शत्रूचे खाते आपण मांडतो.

मी भूगोलाचा मास्तर. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. या किड्याकडे मी वळलो तो त्याच्या नकाशामुळे. जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत पाणभुंगेऱ्याचा नमुना म्हणून चित्र असे ते 'डायटिस्कस' या प्रजातीचे. ही प्रजाती युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथल्या थंड मुलखातली. तिच्या जाती पंचवीस-तीस. सिबिस्टरच्या जाती शंभराच्या आसपास, आणि त्याचा मुलूख मुख्यतः उष्ण प्रदेशांत. आफ्रिकेत त्याच्या जाती सर्वांत अधिक. तेथून भारत, चीन, जपान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, आणि पलीकडे दोन्ही अमेरिका. युरोपातही तो पोचला आहे, उदाहरणार्थ सिबिस्टर लॅटरालिमार्जिनालिस ही जात. म्हणजे आमच्या पिढ्यांनी लंडनकडच्या तळ्यातला किडा पाठ केला, आणि घरच्या विहिरीतला केरसुणीने लोटला!

भारतात सर्रास आढळणारी यातली एक जात म्हणजे सिबिस्टर ट्रायपंक्टेटस. १७९५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ ऑलिव्हिए याने तिचे वर्णन केले. तिचा नकाशा काढायला बसले की आफ्रिकेपासून सुरुवात करून इराण, भारत, चीन, जपान असे करीत ऑस्ट्रेलियापर्यंत पेन्सिल ओढावी लागते. वाटेत तिच्या पोटजाती मानल्या आहेत आणि त्यांच्या सीमांवरून पंडितांत वाद आहेत; तो तपशील आपण सोडू. दुसरी, जराशी मोठी, सिबिस्टर लिम्बेटस. तिला फॅब्रिशियस याने १७७५ सालीच नाव दिले होते.

तीन सेंटिमीटरचा किडा एवढा मुलूख कसा व्यापतो? त्याचे उत्तर त्या पत्र्यावरच्या 'टप्' आवाजात आहे.

मोठ्या, खोल, बारमाही पाण्यात मासे असतात, आणि मासे अळ्या गट्ट करतात. पाणभुंगेऱ्याची पिल्ले सुखरूप वाढतात ती उथळ, कोमट, झाडोऱ्याच्या आणि मासे कमी असलेल्या पाण्यात. पण असे पाणी कायमचे नसते, ते आटते. ज्याचे घर दरवर्षी आटायचे, त्याने घर सोडायला शिकलेच पाहिजे. म्हणून या जलचराने पंख टाकले नाहीत. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याच्या धारेला लागून वर शेतात शिरतात, तशीच ही चढण. फक्त ती हवेतून आणि बहुधा रात्रीची. एका उड्डाणात कोणी आफ्रिकेतून रत्नागिरीस येत नाही. या डबक्यातून त्या खाचरात, खाचरातून पलीकडच्या तळ्यात, असे हजारो वर्षे आणि हजारो पिढ्या चालले आहे. जिथे जिथे माणसाने भात लावला, तिथे तिथे अशा प्राण्यांना उथळ पाण्याची आयती धर्मशाळा मिळाली.

अंधारात पाणी कुठे आहे ते याला कळते तरी कसे? पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाला एक विशिष्ट आडवी ठेवण येते. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पाणकीटकांच्या डोळ्यांना दिसते. पण ही खूण फसवीही आहे. मोटारीचे टप, काच, डांबर, एवढेच नव्हे तर हल्ली घराघरांवर बसलेल्या सौरऊर्जेच्या काळ्या तावदानांवरूनही प्रकाश तसाच परततो. कित्येक पाणकीटक त्यांना पाणी समजून उतरतात, काही तर त्यांवर अंडी घालतात. आपल्या पाहुण्याला दिव्याने ओढले, की ओल्या चकाकणाऱ्या पत्र्याने फसवले, कोण जाणे. पण तो नवे पाणी शोधायला निघालेला प्रवासी होता, यात शंका नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हाच मुलूख पाण्यासाठी कासावीस होतो. जांभ्याचे सडे तुम्ही पाहिलेच आहेत. एप्रिलात सड्यावर उभे राहिले तर पायाखालचा कातळ तव्यासारखा भाजतो. आणि श्रावणात त्याच जागी खळग्याखळग्यांत पाणी, पाण्याकडेला गवत, त्यात सीतेची आसवे ही निळी फुले. तीही मुळांपाशी बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात, बरं का. म्हणजे शिकार करणारे तेथे नुसते प्राणीच नाहीत.

अशा मुलखात नकाशावर एक ठिपका देऊन 'किडा येथे राहतो' असे म्हणण्यात फार अर्थ नाही. त्याचा मुलूख महिन्यागणिक सरकतो. जून-जुलैत नवे पाणी झाले की झाडोरा असलेली डबकी, भाताचे कुणगे, पाट, जुनी तळी येथे तो पसरू लागतो. मादी पाणवनस्पतींच्या देठांना चीर पाडून त्यात अंडी घालते. अळी दोन वेळा कात टाकून वाढते, मग पाण्याबाहेर येऊन कडेच्या ओल्या मातीत घर करते आणि तेथे कोशात जाते. अंड्यापासून पुरा भुंगेरा होईपर्यंत उबदार दिवसांत दीड-दोन महिने पुरतात. हिशेब करून पाहा: आपल्या पावसाळ्यात तो बरोबर बसतो. दिवाळीच्या सुमारास सड्यावरचे पाणी उडते, भात कापणीस येते. मग त्याला वायंगणी शेतीचे पाणी, देवळाचे तळे, नदीचे कोंड, बारमाही विहीर असे आश्रय शोधावे लागतात. पुरा वाढलेला भुंगेरा कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक जगतो. म्हणून उन्हाळा काढणे त्याला जमते. मे महिन्यात विहिरीचा गाळ काढताना बादलीतून असा एखादा किडा वर आला, तर तो पुढच्या मृगाची वाट पाहणारा आहे असे समजा. विहीर एक, पण साऱ्या वाडीच्या खाचरांतला पुढचा वंश कदाचित तिच्यातच दबा धरून असतो.

उघड्या कातळावरचे अगदी उथळ खळगे सिबिस्टरला अपुरे पडतात. देठच नाहीत तर अंडी कुठे घालायची? अशा उघड्या, झटपट आटणाऱ्या पाण्याची सवय असलेली दुसरी एक प्रजाती आहे, इरेटिस. तीही भारतात आहे. रंग फिकट, पिवळसर. आणि तिची अळी अक्षरशः दिवस मोजून वाढते. अमेरिकेतील एका वाळवंटी डबक्याविषयीची नोंद १९८५ साली प्रसिद्ध झाली, ती वाचण्यासारखी आहे. पाणी आटत आले, तेव्हा त्यातल्या इरेटिस भुंगेऱ्यांनी आधी गुणगुणाट केला आणि मग सगळ्यांनी मिळून एकदम उड्डाण केले! एकामागून एक, जमेल तसे नव्हे. सगळे बिऱ्हाड एकाच वेळी. ते कोणी बसून पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

मला सांगायचे आहे ते याच लिहून ठेवण्याविषयी. प्राण्याच्या प्रसाराचा नकाशा पाहताना एक गोष्ट विसरू नये. नकाशातला ठिपका सांगतो की येथे प्राणी आहे आणि येथे पाहणारा माणूसही येऊन गेला. कोरी जागा मात्र काहीच सांगत नाही. भारतातल्या पाणभुंगेऱ्यांचे मोठे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील टी. जी. वझिरानी यांनी केले. १९६० च्या दशकात सह्याद्रीतल्या भुंगेऱ्यांवर त्यांनी लिहिले आणि १९७७ साली त्यांची पौर्वात्य प्रदेशातल्या जातींची सूची प्रसिद्ध झाली. पण एक माणूस किती डबक्यांत उतरणार? बाकीची डबकी तुमच्या-माझ्या वाटेवर आहेत.

आपल्या सड्याची तर आणखी एक अडचण आहे. सातबाराच्या उताऱ्यावर तो 'पोटखराब' म्हणून लागलेला असतो. म्हणजे पिकास निरुपयोगी. तलाठ्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण जे कागदावर खराब, तेथे पाहायला कोणी जात नाही; आणि पाहिलेच नाही तर तेथे काय होते ते गेल्यावरही कळत नाही. कातळशिल्पांचे तेच झाले होते. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथली चित्रे कातळावर हजारो वर्षे होती. गुराख्यांना ठाऊकही होती. गेल्या काही वर्षांत इथल्याच अभ्यासकांनी सडेच्या सडे पायी तुडवले, नोंदी केल्या, आणि २०२२ साली ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. किड्याला असा मान कोणी देणार नाही, देऊही नये कदाचित. पण यादीत नाव लागण्याआधी कोणीतरी चालत जावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच.

इकडे सडा मात्र थांबलेला नाही. कातळ सुरुंगाने फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमे लावली जातात. त्यावर कित्येक घरे चालतात. त्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. चिरेखाणीचेही तेच, माझे स्वतःचे घर चिऱ्याचे आहे. सोडून दिलेल्या चिरेखाणीत पाणी साठते आणि काही पाणकीटकांना तेवढाच आधार होतो, हेही खरे. पण सरळ उभ्या भिंतींचा खोल खड्डा म्हणजे झाडोऱ्याचे उथळ डबके नव्हे, आणि फवारणीचे औषध पावसाबरोबर शेवटी खालच्याच पाण्यात उतरते.

हे वाढवून सांगतो असे वाटेल, म्हणून जपानचे उदाहरण देतो. तेथे सिबिस्टरच्या एका मोठ्या जातीला 'गेंगोरो' म्हणतात. एके काळी भातखाचरांत आणि गावतळ्यांत तो मुलांच्या ओळखीचा किडा होता. खाचरे यंत्रासाठी सपाट आणि कोरडी झाली, औषधे आली, तळ्यांत बाहेरचे मासे आणि झिंगे शिरले. आज तो तेथील धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. गंमत अशी, की आपल्याकडची ट्रायपंक्टेटस ही जात तेथेही पुष्कळ घटली होती, आणि अलीकडे पश्चिम जपानात ती पुन्हा वाढल्याच्या नोंदी आहेत. वाढत्या उष्म्याशी तिचा संबंध असावा, असे काही अभ्यासक मानतात. एक जात जाते, दुसरी येते. हे त्यांना सांगता येते, कारण आधी किती होते ते त्यांनी लिहून ठेवले होते.

शिक्षक मित्रांनो, यासाठी खर्च नाही. पीठ चाळायची जुनी चाळण घ्या आणि ती वेळूच्या काठीला घट्ट बांधा. गुडघ्याहून कमी पाणी असेल तेवढ्यातच मुलांना उतरवा. चिरेखाणीच्या पाण्याकडे त्यांना मुळीच नेऊ नका, आणि शेवाळलेल्या कातळावर धावू देऊ नका. काठचे गवत चाळणीने हलवून वर काढा. अळी सापडली तर बोटाने धरू नये, ती कडकडून चावते. मोठा भुंगेरा धरला तर मानेजवळून पांढरट, उग्र वासाचा रस सोडतो. तो मासे-बेडकांना दूर ठेवण्यासाठी असतो, आपण हात धुतले म्हणजे झाले. पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन त्यात किडा ठेवा, पट्टी शेजारी धरून लांबी मोजा, पिवळी किनार आहे का आणि पाय एकदम मारतो की आळीपाळीने ते पाहा. फोटो काढता आला तर पाठीचा एक आणि पोटाकडचा एक काढा. जात ओळखायला जाणकाराला दोन्ही लागतात.

वहीत तारीख, वाडीचे नाव, पाणी कसले (खाचर, तळे, विहीर, सड्यावरचा खळगा), किती खोल, आणि किती किडे दिसले एवढे लिहा. काहीच सापडले नाही तर तेही तारखेसह लिहा. एकच डबके धरून जूनपासून ते आटेपर्यंत दर पंधरवड्याला जा. भुंगेरे पाहून झाल्यावर त्याच पाण्यात सोडायचे आहेत. दुसऱ्या पाण्यात नव्हे, नाहीतर तुमच्याच वहीतली नोंद खोटी ठरेल. आणि वही शाळेच्या कपाटात ठेवा, घरी नेऊ नका. तुमची बदली झाली, तर पुढच्या गुरुजींना ती जूनमध्ये सापडली पाहिजे.